विरळणी

काही शब्द आपल्याला बालपणीच भेटतात. परंतु त्यांची खरी ओळख पटावयास पुष्कळ वर्षे जावी लागतात. ‘विरळणी’ हा माझ्यापुरता असा एक शब्द आहे.

कारवारजवळ, काळी नदीच्या काठी, आमचे घर. पावसाळा ओसरला की आजी परसात तांबड्या भाजीचे वाफे करी. बी टाकताना तिचा हात सढळ असे, आणि आठ-दहा दिवसांत त्या वाफ्यांवर तांबूस रोपांची अशी दाटी होई की खालची माती दिसू नये. मला तो गालिचा फार प्रिय होता. मग एके सकाळी आजी म्हणे, “भाजी दाट जाली गो, थोडी काड.” उगवलेले कोवळे जीव आपल्याच हातांनी उपटायचे, ही कल्पनाही मला सहन होत नसे. आजी मात्र शांतपणे निम्मी रोपे उपटी आणि धुऊन, चिरून, वर ओले खोबरे घालून त्याच दुपारी त्यांची भाजी करी. एका वर्षी मी हट्टच धरला आणि वाफ्याचा एक कोपरा जसाच्या तसा राखून घेतला. महिन्याभरात बाकीची भाजी गुडघ्याला लागली. माझ्या कोपऱ्यातील रोपे मात्र दोऱ्यासारखी बारीक राहिली आणि पिवळी पडली. “ही ना वाफ्याची, ना ताटाची,” एवढेच आजी म्हणाली. मी तो धडा त्या वेळी शिकले आणि पुढे साफ विसरले. विसरले नसते, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

पुढे कलाशाखेची पदवी पदरात पडली, काही वर्षे इतरत्र शिकविले आणि मग मी सिकंदराबादेस येऊन या शाळेत रुजू झाले. ते २०१५ साल होते. १९५० साली त्या वेळचे केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवास आरंभ केला, तेव्हापासून पावसाळा आला की आपल्या देशात शाळाशाळांतून रोपे लावली जातात. तेलंगणात २०१५ च्या जुलैत ‘हरितहारम्’ ही मोठी मोहीम सुरू झाली आणि आमच्याही शाळेत रोपे येऊन पडली. कडुनिंब होते, करंज होते, सागही होते. शाळेचे निसर्गमंडळ नव्या शिक्षिकेच्या म्हणजे माझ्या गळ्यात पडले. साठ मुले आणि साठ रोपे. प्रत्येकाला आपला स्वतंत्र खड्डा हवा. पूर्वेकडच्या भिंतीलगतची जागा ती केवढी! मी दोरी घेऊन हातहात अंतरावर खुणा करून दिल्या. रोपे वीतभर होती. त्यांच्यामधील जागा मला ओस वाटली. मुलांनी पाणी घातले, टाळ्या वाजविल्या, छायाचित्रे निघाली. झाड लावणे म्हणजे पुण्य, आणि जितकी झाडे अधिक तितके पुण्य अधिक, असे माझे साधे गणित होते.

हे गणित चुकले होते हे कळावयास नऊ वर्षे लागली. साठांपैकी बावन्न झाडे जगली. पण ती झाडे नव्हती, त्या उंच काठ्या होत्या. एकमेकांवर कुरघोडी करीत ती उजेडाकडे चढली होती, फांद्या सगळ्या शेंड्याला, आणि बुंधे मुलांच्या दंडाएवढे. काही भिंतीबाहेर रस्त्यावर वाकली होती. २०२४ च्या उन्हाळ्यात एका रात्री वळवाचा पाऊस आला, वारा सुटला, आणि त्यांतील एक झाड मोडून सायकली ठेवण्याच्या छपरावर पडले. सुटीचे दिवस होते, रात्र होती, म्हणून कोणाच्या जिवावर बेतले नाही. तेच झाड मधल्या सुटीत पडले असते तर? त्या विचाराने मला अनेक रात्री नीट झोप आली नाही, कारण दोरी माझ्या हातात होती.

शाळा सुरू झाल्यावर याविषयी दोन मते झाली. वडीलधाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे पडले की, धोका नको, सगळी रांगच काढून टाकावी. मुलांचे म्हणणे की, एकाही झाडाला हात लावू नये. आठवीतील एका मुलीने तर एका करंजाला राखी बांधली होती. ती मला म्हणाली, “बाई, तुम्हीच शिकवलंत ना, झाडे आपले सोयरे असतात म्हणून?” दोन्ही पक्ष माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि मी तर कवितेचे रसग्रहण शिकविणारी शिक्षिका! मला काहीही ठाऊक नव्हते. तेव्हा जेथे ठाऊक असलेली माणसे आहेत, तेथे जाऊन पाहावे असे मी ठरविले.

माझी थोरली बहीण लग्न होऊन विदर्भात गेली. तिचे यजमान वनखात्यात आहेत आणि त्या वर्षी त्यांची नेमणूक आलापल्लीच्या बाजूस होती. २०२५ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या सुटीत, तिळगुळाचा डबा घेऊन मी सिकंदराबादेहून बल्लारशाची गाडी धरली. साडेतीनशेहून थोडे अधिक किलोमीटरांचा हा प्रवास मोठा बोलका आहे. काझीपेट मागे पडते, रामगुंडमच्या पुढे गोदावरीचे रुंद पात्र लागते, मग मंचेरियाल, आणि कागदाच्या गिरणीवरून ज्याचे नाव पडले ते कागजनगर. जसजसे उत्तरेस जावे तसतशी रुळांच्या दोहो बाजूंस झाडी दाट होत जाते. अखेर वर्धा नदी ओलांडली की बल्लारशा आले. येथील सागवान दूरदूर प्रसिद्ध आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली येथूनच लाकूड गेले आणि ती दारे घडविण्याचे काम आपल्याच शहरातील एका कारखान्याकडे होते. बल्लारशाहून गोंडपिपरीवरून पुढे गेले की आष्टीला वैनगंगा भेटते आणि तिच्या पलीकडे खरे अरण्य सुरू होते. मराठी, तेलुगू, गोंडी आणि माडिया या भाषा तेथे एकाच बाजारात ऐकू येतात. सागाला तेलुगूत ‘टेकु’ म्हणतात. तो शब्द कानी पडताच मला सिकंदराबादेतच असल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी मला सागाच्या एका रोपवनात घेऊन गेले. थंडी कडाक्याची होती. गळलेली मोठमोठी पाने पायांखाली पापडासारखी मोडत होती. रांगेने उभ्या असलेल्या झाडांवर कोठे रंगाचा पट्टा, कोठे आकडा दिसत होता. मी विचारले, “हे आकडे कसले?”

“ज्यांना जायचे आहे त्यांचे,” भावोजी म्हणाले.

मला आजीच्या वाफ्याजवळ उभे असल्यासारखे झाले. ते ओळखून ते जवळच्या एका ओंडक्यावर बसले आणि एखाद्या विद्यार्थ्याला समजवावे तसे त्यांनी मला समजाविले. सागाची रोपे बहुधा दोन-दोन मीटरांवर लावतात. म्हणजे एका हेक्टरात अडीच हजार. इतकी दाट का? तर लहानपणी दाटी हिताची असते. शेजार असला की रोप सरळ वाढते, खालच्या फांद्या आपोआप झडतात, जमिनीवर सावली पडून गवत माजत नाही. परंतु जी दाटी बालपणी आधार असते, तीच पुढे गळफास होते. झाडाचा शेंडा पसरू लागला की वर उजेडासाठी आणि खाली पाण्यासाठी ओढाताण सुरू होते. म्हणून पाच-सहा वर्षांनी पहिली विरळणी करतात. तीत साधारणतः एक आड एक झाड निघते. पुढे काही वर्षांनी दुसरी, मग तिसरी. जमिनीच्या कसाप्रमाणे आकडे कमी-अधिक होतात. पण साठ-सत्तर वर्षांनी जेव्हा वन पक्व होते, तेव्हा अडीच हजारांतील शे-दोनशे वृक्षच उभे असतात.

“मग उरलेल्या दोन हजारांचे जीवन फुकटच म्हणायचे?” मी विचारले.

“फुकट कसे? त्यांच्यावाचून हे शे-दोनशे सरळ वाढलेच नसते. आणि जे निघते ते वाया जात नाही. बल्ल्या होतात, घरांना वासे होतात, चुलीला सरपण होते.” मला आजीची त्या दुपारची भाजी आठवली.

मग त्यांनी मला तोडलेल्या एका सागाच्या खुंटापाशी नेले. साग दर वर्षी पाने गाळतो, आणि त्याच्या लाकडात वर्षागणिक एक वर्तुळ स्पष्ट उमटते. त्या खुंटावर वीस-बावीस वर्तुळे होती. मधली पहिली काही चांगली रुंद. नंतरची एकमेकांना चिकटलेली. आणि मग एकाएकी पुन्हा रुंद झालेली. “येथे पहिली विरळणी झाली,” त्या ठिकाणी बोट ठेवून भावोजी म्हणाले. शेजारी गेल्यावर त्या झाडाने सोडलेला सुटकेचा निःश्वासच जणू लाकडात लिहून ठेवलेला होता. मी आयुष्यात पुष्कळ पुस्तके वाचली. पण इतके खरे पान क्वचितच वाचले असेन.

कोणते झाड काढावे आणि कोणते ठेवावे, हा या शास्त्राचा गाभा आहे. वाळलेले, कीड लागलेले, शेजाऱ्याच्या सावलीत खुरटून गेलेले झाड जाते; वाकडे किंवा बुंध्यातच दुभंगलेले जाते; आणि कधी कधी चांगले धष्टपुष्ट झाडही जाते, जर ते आडवे पसरून भोवतीच्या चार चांगल्या झाडांचा उजेड हिरावीत असेल तर. मात्र सरळ, सुंदर, मोलाची झाडे तेवढी कापून न्यायची आणि रोगट मागे ठेवायची, ही विरळणी नव्हे. ती लूट होय. कारण पुढे ज्यांचे बी पडायचे तीच निघून गेली, तर वनाचे भविष्यच विकल्यासारखे होते. तसेच एकदम फार झाडे काढणेही वाईट. छत्र अकस्मात मोडले की खाली गवत माजते, गवत वाळले की वणव्याला निमंत्रण मिळते, आणि उघड्या पडलेल्या उंच झाडांना वारा पाडतो. ओढ्याकाठची झाडे, मोह आणि चारोळीसारखी फळझाडे, ज्याच्या ढोलीत पाखरे राहतात ते म्हातारे झाड, शेकरूचे घरटे असलेले झाड, यांना हात लावीत नाहीत. फांदीवरून फांदीवर जाणाऱ्या शेकरूला जमिनीवर न उतरता वाट मिळाली पाहिजे, याचाही विचार करावा लागतो.

हे सारे कोणाच्या लहरीवर सोपविलेले नाही. प्रत्येक वनविभागाची, बहुधा दहा वर्षांची, कार्य आयोजना असते. कोणत्या वर्षी कोणत्या कक्षात काय करावयाचे ते तीत लिहिलेले असते. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हापासून केंद्र सरकारने मान्य केलेल्या अशा आयोजनेवाचून वनातील झाड तोडता येत नाही. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे छातीजवळ, मोजतात आणि नोंदवहीत लिहितात. हातोड्याने शिक्का मारतात, तो एक वर आणि एक अगदी बुडाशी. बुडाशी कशासाठी? तर झाड गेल्यावरही खुंट साक्ष देतो. ज्या खुंटावर शिक्का नाही, ते झाड चोरीचे. जितके वाढते तितकेच काढावे, हा विचारही जुना आहे. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात खाणींचा कारभार पाहणाऱ्या कार्लोविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १७१३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. खाणींच्या भट्ट्यांना लाकूड पुरेना, तेव्हा त्याला हे सुचले. आपल्या देशात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी १८४० नंतरच्या दशकात निलांबूर येथे सागाची लागवड सुरू केली आणि १८६४ साली डीट्रिख ब्रँडिस हे हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. ती लाकडाची गरज साम्राज्याची होती आणि रानात राहणाऱ्यांचे हक्क त्यात पुष्कळ दडपले गेले, हेही आपण विसरू नये.

दुपारी प्रत्यक्ष झाड पाडताना पाहिले. माझी समजूत अशी की, कुऱ्हाड मारायची आणि झाड पडायचे. पण पहिला अर्धा तास कोणी हत्याराला हातच लावला नाही. मुकादमाने झाडाभोवती दोन फेऱ्या घातल्या. त्याचा कल कोणीकडे, शेंड्याचा भार कोणीकडे, वर वाळकी फांदी लटकत आहे काय, वेलीने ते दुसऱ्या झाडाला बांधले गेले आहे काय, हे पाहिले. वेली आधी तोडल्या. बुडाजवळचे झुडूप साफ केले. पडण्याच्या दिशेच्या मागे, तिरप्या अशा दोन पळवाटा मोकळ्या केल्या. झाडाच्या उंचीच्या दुपटीइतक्या अंतरात कामाच्या माणसांखेरीज कोणी थांबू नये, म्हणून आम्हाला दूर पाठविले. मग ज्या बाजूला पाडावयाचे त्या बाजूस बुंध्याच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतकी खाच घेतली; नंतर विरुद्ध बाजूने, खाचेहून किंचित वर, करवत चालविली. दोहोंच्या मध्ये थोडे लाकूड मुद्दाम न कापता ठेवतात. ते दाराच्या बिजागरीसारखे काम करते आणि झाडाला ठरल्या दिशेने निजविते. शेवटी पाचर ठोकली, मोठ्याने हाक दिली, माणसे पळवाटेने मागे झाली, आणि ते झाड रांगांच्या मधल्या पट्टीत, शेजारच्या एकाही सागाची साल न खरचटता, आडवे झाले. बालमित्रांनो, हे वर्णन मी तुम्हाला करून पाहण्यासाठी सांगत नाही. हे काम किती शिकलेल्या हातांचे आहे, एवढे कळावे म्हणून सांगते.

परतताना मी भावोजींना म्हटले, “केवढी ही सावकाशी!” ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ही सावकाशी मी फार महाग विकत घेतली आहे.” ते नोकरीत नवे होते तेव्हाची गोष्ट. दिवस मावळत आला होता, आणि पाडलेले एक झाड खाली न येता दुसऱ्याच्या फांद्यांत अडकून राहिले. अशा झाडाखाली जाऊ नये, जागा बंद करावी आणि दुसऱ्या दिवशी दोर लावून बाजूने ओढावे, हा नियम. परंतु त्या दिवशीची संख्या पुरी करण्याची घाई झाली होती. “जा, आधाराचे झाड तोड,” असे भावोजींनी एका माणसाला सांगितले. तो गेला. त्याचा जीव वाचला. पाय वाचला नाही. “तो अजून मला साहेब म्हणतो,” भावोजी म्हणाले, “आणि तो तसे म्हणतो तेव्हा मला मान वर करवत नाही. कोणते झाड काढायचे हे शिकता येते गं. आपल्या घाईखाली कोण उभे आहे ते पाहणे, हे खरे शिकायचे.”

हे वाक्य गाठीला बांधून मी सिकंदराबादेस परतले. शाळेत सर्वांना पाहिलेले सांगितले. सगळी रांग काढण्याचा विचार मागे पडला आणि विरळणीसाठी रीतसर अर्ज गेला; कारण तेलंगणात जल, भूमी आणि वृक्ष यांविषयीचा २००२ चा कायदा आहे आणि झाड पाडण्यास परवानगी लागते. तोच मार्चअखेर हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावलीची बातमी आली. चारशे एकरांपैकी सुमारे शंभर एकरांवरील झाडी यंत्रांनी साफ झाली होती. ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते काम थांबविले. राखी बांधणारी ती मुलगी पुन्हा माझ्यापुढे उभी राहिली. “बाई, आता आपणही तेच करणार?”

तिचा प्रश्न रास्त होता, आणि अशा प्रश्नाला ‘तुला कळत नाही’ हे उत्तर नव्हे. मी तिला म्हटले, “कोणी झाड पाडील तेव्हा त्याला तीन गोष्टी विचार. हे झाड कोणासाठी जात आहे, उरणाऱ्या झाडांसाठी की झाडांच्या जागेसाठी? कोणते राहणार ते आधी ठरविले आहे काय? आणि मागे खुंटावर शिक्का आहे काय, म्हणजे उद्या कोणी विचारले तर उत्तर देणारा कोणी आहे काय? तिन्हींची उत्तरे नीट मिळाली तर ती विरळणी. एरवी ती नुसती तोड.” ती मुलगी म्हणाली, “मग मी वही ठेवते.” आणि खरोखरच तिने प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात आणि घेर वहीत लिहून काढला.

परवानगी आली. दसऱ्याच्या सुटीत, शाळेत एकही मूल नसताना, माहीतगार कामगारांनी दोर बांधून, वरून खाली तुकड्यातुकड्यांनी, तेवीस झाडे उतरविली. अठ्ठावीस राहिली. आणखी काही वर्षांनी त्यांतीलही काही काढावी लागतील. सुटीनंतर आम्ही सागाच्या खुंटांवरील वर्तुळे मोजली. शेवटची चार-पाच केसासारखी बारीक होती. “ही आमची चूक का बाई?” एका मुलाने विचारले. “नाही,” मी म्हटले, “दोरी माझ्या हातात होती.” निघालेल्या बल्ल्यांचा आता वेलींसाठी मांडव झाला आहे.

येथे हा लेख संपवावा आणि शेवटी ‘शाळा हेही एक वनच आहे, शिक्षक हा वनपाल आहे’ असे एखादे सुभाषित जोडावे, असा मोह मला झाला. तो मी आवरला. कारण तेच सुभाषित एकदा मी आचरणात आणले आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

या शाळेत येण्यापूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत, दुसऱ्या गावी, नववीची वर्गशिक्षिका होते. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा अशी सर्वांची इच्छा होती. माझी कोणाहून कमी नव्हती. वर्गात एक मुलगा होता. गणितात कच्चा, इंग्रजीत कच्चा, बाकावर सर्वांत मागे. मी त्याच्या वडिलांना बोलाविले आणि गोड शब्दांत सुचविले की, याला दहावीस बाहेरून बसवा. येथे त्याचा निभाव लागणार नाही. वडिलांनी हात जोडले, मुलाला घेऊन गेले. निकाल शंभर टक्के लागला. माझा सत्कारही झाला. तो मुलगा पुढे कोठे गेला, परीक्षेला बसला की नाही, याची मी चौकशीसुद्धा केली नाही. त्या खुंटावर कोणताही शिक्का नव्हता.

आलापल्लीच्या त्या रोपवनात पट्टे मारलेली झाडे पाहताना मला तो मुलगा आठवला, आणि पुढे सबंध प्रवासभर तो माझ्यासमोर बसून होता. झाडांमध्ये विरळणी करावी लागते, कारण झाडाला पाय नाहीत. ते उजेडाकडे सरकू शकत नाही, आणि उजेडही कोणाला वाटून देता येत नाही. शेजाऱ्याला काढल्याखेरीज तेथे जागाच होत नाही. पण वर्गाचे तसे नाही. मागच्या बाकावरच्या मुलाला पुढे बसविता येते. एक तास अधिक थांबता येते. ज्ञानाचा उजेड एकाने घेतला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही. वनपालाला जे निरुपायाने करावे लागते, ते मी उपाय असताना केले. मी विरळणी केली नव्हती; मी घाई केली होती, आणि माझ्या घाईखाली कोण उभे आहे ते पाहिले नव्हते.

आता दर वर्षी जूनमध्ये वर्ग भरला की मी आधी बाकांच्या ओळी मोकळ्या करते आणि सर्वांत मागच्या बाकावर कोण बसले आहे ते पाहते. खिडकीतून भिंतीलगतची अठ्ठावीस झाडे दिसतात. कडुनिंबांना खाली नव्या फांद्या फुटल्या आहेत. सागांच्या पोटात यंदाचे वर्तुळ किती रुंद उमटले असेल, ते आज कोणाला दिसणार नाही. पण राखीच्या करंजाचा घेर त्या मुलीने मध्यंतरी पुन्हा मोजला आणि वहीत लिहिला.

हा अंक घरोघर जातो. पाहुण्यारावळ्यांच्याही हाती पडतो. न जाणो, एखादे दिवशी तो त्या मुलाच्याही हाती पडेल. आता तो चांगला मोठा झाला असेल. त्याने हे वाचले, तर त्याला एवढेच सांगावयाचे आहे: बाळ, त्या वर्गात तुझ्यासाठी जागा होती. ती मला करता आली नाही.